वकीलसाहेबांची पाठ

मिहिका आणि ओजस,

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आज्जी, फुटाणा सारखा शेजारच्या फाटकापाशी जाऊन का बसतो? तिथे दुसरा कुत्रा आहे का?" मी म्हटलं, सांगेन कधीतरी. त्याच संध्याकाळी पुण्याहून फोन आला, की शेजारचे वकीलसाहेब गेले. आता 'कधीतरी' म्हणून ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय मे महिन्यात तुम्ही येणार. फुटाणा आता तुम्ही कुशीत घेऊन झोपत होतात तेवढा राहिलेला नाही, आणि त्याला हाक कशी मारायची हे तुम्हाला माहीत असायला हवं. ते ज्यांनी ठरवलं त्यांच्याविषयी हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं, जन्मभर तेच शिकवलं. पण वकीलसाहेब इंग्रजीत नीट मावत नाहीत. अडलात तर आईला विचारा.

वकीलसाहेबांना राग आला की ते पाठ फिरवत. ओरडणं नाही, हातवारे नाहीत. समोरचा बोलत असतानाच ते टाचेवर वळत, दोन्ही हात मागे बांधत आणि आकाशाकडे बघत उभे राहत. उरलेलं बोलणं त्यांच्या पाठीला ऐकवायचं. भाजीवाला हुज्जत घालायला लागला, पाठ. कॉलनीच्या अध्यक्षांचं भाषण लांबलं, पाठ. "कोर्टात न्यायाधीशांसमोर काय करता हो?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "तिथं मनातल्या मनात फिरवतो की!"

आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. त्यांच्या चिकूची पानं माझ्या अंगणात पडत, मी ती झाडून भिंतीपाशी नीट ढीग करून ठेवी, आणि ते तो ढीग बघून पाठ फिरवत. नवनगरात शेजारी राहायला आल्यापासून आमचं नातं साधारण एवढंच होतं.

आता फुटाण्याचं. तुम्ही त्याला अमरगोळच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांमागून उचललंत, आठवतं ना? व्यापारी म्हणाला होता, "देशीच आहे अक्का, थोडंसं मुधोळचं रक्त आहे." तुम्ही परत गेलात आणि ते थोडंसं रक्त वाढायला लागलं. मुधोळ म्हणजे आपल्या इकडचा शिकारी कुत्रा. पोट आत, छाती पुढे, पाय काठीसारखे लांब, आणि पळायला लागला की वाऱ्यासारखा. भाजलेल्या चण्याच्या रंगाचा म्हणून तुम्ही फुटाणा नाव ठेवलंत. गल्लीतले कन्नड शेजारी त्याला पुटाणी म्हणू लागले. तो मात्र कुठल्याच नावाला ओ देत नसे.

गणपतीपर्यंत त्याने माझ्या चपला, दोन पडदे आणि गॅसची नळी चावून पाहिली होती. मी शिस्तीची बाई. कुत्र्यांना शिकवण्याचं एक इंग्रजी पुस्तक मागवलं आणि रोज सकाळी त्याला समोर उभं करून "सिट, फुटाणा, सिट" असं सांगू लागले. तो माझ्याकडे अशा नजरेने बघे, जशी माझ्या वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं बघत. स्कूटर दिसली की तो पट्ट्यासकट मला ओढत नेई. आणि गल्लीच्या टोकाला हुबळी-धारवाड रस्ता. तिथल्या मधल्या राखीव पट्ट्यातून बस कशा सुसाट जातात ते तुम्ही पाहिलंय. मला झोपेतसुद्धा ब्रेकचा आवाज ऐकू यायचा.

मग ते झालं. समोरच्या घरातल्या अज्जी सकाळी दुधाची किटली घेऊन येत होत्या. फुटाण्याने भिंतीवरून उडी मारली आणि आनंदाने, अगदी निव्वळ आनंदाने, दोन्ही पाय त्यांच्या खांद्यांवर ठेवले. अज्जी पडल्या. मनगट मोडलं. मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. वाटेत त्या सांडलेल्या दुधाबद्दलच हळहळत राहिल्या.

कॉलनीच्या संघात चर्चा झाली. धारवाडपलीकडच्या बेलूरच्या एका कारखान्याच्या गोदामावर राखणीला कुत्रा हवा होता. फुटाण्याला तिथे द्यायचं, साखळीने बांधून. कर्नाटक राज्योत्सवानंतरच्या रविवारी सभा, तिथे पक्कं ठरणार. सभेआधी पुन्हा काही झालं, तर सभेत चर्चाही करायची नाही, देऊनच टाकायचं. हा निरोप घेऊन आले संघाचे सल्लागार, म्हणजे आपले वकीलसाहेब. काळी पँट, पांढरा शर्ट, कोर्टात निघालेले.

"बाई, मी संघाच्या वतीनं आलोय," त्यांनी सुरुवात केली आणि फुटाणा त्यांच्या शर्टावर चढला.

मी "डाउन! डाउन!" म्हणून ओरडत पट्टा ओढते आहे. वकीलसाहेबांनी आपल्या स्वभावाप्रमाणे केलं. टाचेवर वळले, हात मागे बांधले, आकाशाकडे बघत उभे राहिले. फुटाणा पाठीवर चढला. पाठ हलली नाही. तो फिरून पुढे गेला. पाठ पुन्हा त्याच्याकडे. एकदा भुंकला. काही नाही. मग त्याने जे केलं ते मी त्याच्या जन्मात पाहिलं नव्हतं. चारी पायांवर खाली आला, कान पाडले आणि खाली बसला.

"बाई, काय करतोय?" वकीलसाहेबांनी न वळता विचारलं.

"बसलाय."

"तुम्ही सांगितलंत?"

"नाही हो."

ते हळूच वळले आणि त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आरोपीला अपमान कळतो," ते म्हणाले. "ज्याला अपमान कळतो त्याला शिकवता येतं. उद्या सकाळी सहाला."

"आणि संघाचा निरोप?"

"तो दिला असं समजा. आता मी आरोपीतर्फे."

"अहो, तुम्ही फिर्यादीचे वकील ना?"

"अज्जींचा हात प्लास्टरमध्ये आहे. त्या फिर्यादीला वकील कशाला हवा?"

असे ते आमच्या अंगणात आले. कुत्र्यांबद्दल त्यांना काहीही माहीत नव्हतं, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि तरी माझं पुस्तक उघडूनही पाहिलं नाही. "लेखक साक्षीला येणार आहे का? मग राहू दे."

पहिल्या सकाळी त्यांनी मला आणि कामाला येणाऱ्या गंगव्वाला फुटाण्यासमोर उभं केलं. "रोज सांगता तसं सांगा. बसायला सांगा."

मी म्हटलं, "सिट." गंगव्वा म्हणाली, "कुंद्रु." इतक्यात वकीलसाहेबांच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बस रे!" फुटाण्याने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं, आडवा झाला आणि वकीलसाहेबांच्या बुटाची नाडी चघळू लागला.

"झालं!" वकीलसाहेब म्हणाले. "तीन न्यायाधीश, तीन भाषा. आरोपीनं करावं काय?"

आपल्याकडे हे कुणाच्या लक्षातही येत नाही, मुलांनो. मी तुमच्या आईला मराठीत रागावले, कन्नडमध्ये लाड केले आणि इंग्रजीत शिकवलं, तिला काही झालं नाही. पण फुटाण्याला घरात आल्यापासून प्रत्येक गोष्ट तीन तऱ्हांनी ऐकू येत होती आणि त्याने तिन्ही सोडून दिल्या होत्या. 'ये' मी म्हणायचे, 'बा' गंगव्वा म्हणायची, आणि पाहुणे आले की मी पुन्हा 'कम' म्हणायचे.

मी इंग्रजीच्या बाजूने बोलले. शब्द छोटे आहेत, म्हटलं.

गंगव्वा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अक्कारी, रस्त्यात हा सुटला तर कोण 'सिट' म्हणणार? दूधवाला?"

"मान्य," वकीलसाहेब म्हणाले. "तुम्ही नसाल तेव्हा याला जो कुणी थांबवेल तो कन्नडमध्ये थांबवेल. बा, कुंद्रु, निंद्रु. ये, बस, थांब. तीन शब्द. चौथा बोलायचा नाही. मराठी तर अजिबात नाही." हे सांगणारा माणूस घरात एक इंग्रजी शब्द आला तरी कपाळाला आठ्या घालणारा मराठीचा अभिमानी! पण त्या दिवसापासून त्यांनी फुटाण्याशी मराठीचं अक्षर काढलं नाही.

बक्षीस म्हणून ते कडक भाकरीचे तुकडे आणत. आपली ज्वारीची, पापडासारखी वाळवलेली. शर्टाच्या खिशात ठेवत आणि काम झालं की कट्ट करून मोडत. तो आवाज फुटाण्याला घराच्या मागूनही ऐकू येई. काम झालं नाही की पाठ. आणि मला रोजचं एक वाक्य, "आज नाही. पुढची तारीख."

पुढच्या तारखा पुष्कळ पडल्या. 'कुंद्रु' लवकर जमलं. 'निंद्रु' म्हटलं की तो मांजर दिसेपर्यंत थांबे. 'बा' मात्र त्याच्या मर्जीवर होतं. वकीलसाहेबांनी मग एक युक्ती काढली. 'बा' एकदाच म्हणायचं, पाठ फिरवायची आणि चालू लागायचं. सुरुवातीला ते एकटेच अंगणाच्या टोकापर्यंत चालत जात आणि तिथे भिंतीकडे तोंड करून उभे राहत. गल्लीतली माणसं बघून हसत. मी हसत नव्हते. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचं मी सोडून दिलं होतं, पण अज्जींच्या हातावरचं प्लास्टर रोज दिसत होतंच.

मग एका सकाळी मागून पावलांचा आवाज आला आणि फुटाणा त्यांच्या शेजारी जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. दोघेही तसेच. मागून बघताना मला ते दोन पक्षकार वाटले.

"त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवा की," मी म्हटलं.

"आरोपीला हात लावायचा नसतो," ते म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी भाकरी दोनदा मोडली.

एक नोव्हेंबर आला. राज्योत्सव. सकाळीच ढोल, लाल-पिवळे झेंडे, मुलांची मिरवणूक. गंगव्वा बघायला म्हणून फाटक किलकिलं करून उभी राहिली, आणि त्याच क्षणी कुणीतरी फटाक्यांची माळ लावली.

"अक्कारी! पुटाणी होतरी!" तिची किंकाळी मला स्वयंपाकघरात ऐकू आली. गेला!

मी गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध होता. लोखंडी कठड्याच्या गजांमधून बसच्या पट्ट्यात शिरला होता आणि तिथेच गोठून उभा होता. शेपूट पोटाखाली. माणसं सगळ्या भाषांत ओरडत होती. "ये! बा! कम! पुटाणी!" दोन तरुण त्याच्याकडे धावले तसा तो आणखी पुढे पळाला. मी कठड्याला हात घातला तर मागून कोर्टातला आवाज आला.

"सगळे गप्प! पळू नका! तुम्ही पळालात की तो पळणार!"

वकीलसाहेब बनियन-पायजम्यात होते. अर्ध्या गालावर साबण. सगळे खरंच गप्प झाले. ते कठड्यापाशी आले, आणि रोज अंगणात म्हणत तसं, मोठ्याने नाही, एकदाच म्हणाले, "बा." मग वळले, हात मागे बांधले आणि गल्लीकडे चालू लागले.

"वकीलसाहेब, बस येतेय!"

"मला दिसत नाही. तुम्ही सांगा. तो काय करतोय?"

"उभाच आहे."

"माझ्याकडे बघतोय?"

"हो."

"मग तुम्हीही फिरा."

"मला नाही जमणार..."

"बाई, फिरा. तुम्ही थांबलात तर तोही थांबेल."

मी फिरले. मुलांनो, तुमचे आजोबा गेले त्या दिवसानंतर एवढं अवघड काही केल्याचं मला आठवत नाही. समोर कुणाच्या तरी दारातली रांगोळी होती. मी त्या रांगोळीकडे बघत चालले. मागे बसचा भोंगा वाजला. लांब, न थांबणारा. मग ब्रेक. मग एक बाई ओरडली. माझे पाय थांबले.

"चालत राहा," वकीलसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज कोर्टातला राहिला नव्हता.

मी चालले. ते माझ्या दोन पावलं पुढे होते म्हणून मला दिसलं. त्यांच्या मागे बांधलेल्या हातांमध्ये एक ओलं, काळं नाक येऊन खुपसलं गेलं.

ते थांबले नाहीत. फाटकापर्यंत तसेच गेले, फुटाण्याला आत घेतला, कडी स्वतःच्या हाताने लावली आणि पायरीवर मटकन बसले. मग त्यांनी त्याच्या मानेवर हात ठेवला, पहिल्यांदाच. 

मी पाणी आणून दिलं. गालावरचा साबण वाळून गेला होता. पाणी पिऊन ते म्हणाले, "आमच्या चिरंजीवांवरही मी अशीच पाठ फिरवली होती. त्यानं लग्न आपल्या मनानं ठरवलं तेव्हा. मला वाटलं, फिरून समोर येईल."

"मग?"

"हा आला. तो पुण्याला गेला."

"तुम्ही वळून बघायचं होतं."

"बघितलं," ते म्हणाले. "उशिरा." आणि प्यायलेलं भांडं पालथं घालून उठले.

पण संकट टळलं नव्हतं. उलट वाढलं होतं. सभेआधी पुन्हा काही झालं तर, असं ठरलं होतं, आणि झालं ते अख्ख्या कॉलनीने पाहिलं होतं. रविवारी बागेतल्या सभामंडपात खुर्च्या मांडल्या. मी फुटाण्याला पट्ट्याने धरून मागे उभी होते. अध्यक्ष म्हणाले, "बस थोडक्यात थांबली. उलटली असती तर? आता चर्चा कशाला? गोदामवाल्यांची गाडी उद्या येईल."

वकीलसाहेब बोलायला उभे राहिले. "घटना अशी आहे, की—"

"तुमचं नेहमीचं नको," अध्यक्ष मध्येच म्हणाले. "कोर्ट नाही हे."

मला त्यांची टाच दिसली. ती वळत होती. आता ते पाठ फिरवणार, अध्यक्ष चिडणार आणि सगळं संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. अर्धे वळले. माझ्या हातातल्या फुटाण्याने कान टवकारले. आणि वकीलसाहेब परत फिरले, अध्यक्षांकडे तोंड करून. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. "कोर्ट नाही. मी बोलत नाही. अज्जींनी बोलावं."

अज्जी पुढच्या रांगेत होत्या. प्लास्टर नुकतंच निघालं होतं. वकीलसाहेब त्यांच्यासमोर वाकून कन्नडमध्ये म्हणाले, "अज्जी, तुम्ही घाबरलात तर इथंच संपलं, मी स्वतः त्याला गाडीत बसवीन. पण एकदा त्याच्यासमोरून जाता का? किटली घेऊन?"

अज्जींनी पदर सावरला. "किटली कशाला? मी काय नाटकात आहे?" म्हणाल्या आणि उठल्या.  त्या आमच्याकडे येऊ लागल्या तसं फुटाण्याचं अंग माझ्या हाताखाली ताणलं गेलं, मागचे पाय दबले. मला माहीत होतं ते दबणं. त्यानंतर उडी येते. मी तोंड उघडलं तर वकीलसाहेबांनी लांबूनच मान हलवली. बोलू नका.

अज्जी थांबल्या.  मोडलेला हात छातीशी धरून, नातवाला दटावावं तसं त्या म्हणाल्या, "कुंद्रु!"

फुटाणा बसला.

 अज्जी मागे वळून अध्यक्षांना म्हणाल्या, "हा माझं ऐकतो. आमच्या घरात कोण ऐकतं? राहू दे त्याला." सगळे हसले. पट्ट्याशिवाय बाहेर काढायचा नाही आणि भिंत उंच करायची, एवढं ठरलं. वकीलसाहेबांनी खिशातून भाकरी काढली, कट्ट करून मोडली, अर्धा तुकडा फुटाण्याला दिला आणि अर्धा स्वतः खाल्ला.

पुढची दोन वर्षं ते रोज सहाला येत राहिले. शिकवायचं काही उरलं नव्हतं. मी एकदा म्हटलं, "आता निकाल लागला की हो." तर म्हणाले, "अपील येईल. तयारी असावी."

गेल्या थंडीत त्यांना अर्धांगाचा झटका आला. फार मोठा नव्हता, पण उजवा पाय ओढत चालू लागले. मुलगा पुण्याहून आला. बापलेक काय बोलले मला माहीत नाही. बोलण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता, आणि तो दोघांचा होता. मुलगा त्यांना घेऊन जाणार असं ठरलं.

गाडी फाटकासमोर उभी होती. वकीलसाहेब निरोप घ्यायला माझ्या अंगणात आले. फुटाण्यासमोर उभे राहिले आणि हाताचा तळवा पुढे करून म्हणाले, "निंद्रु." फुटाणा थांबला. आता त्यांनी वळून जायचं. पण त्यांनी पाठ फिरवली असती तर तो त्यांच्या मागे गेला असता. त्यांनीच ते शिकवलं होतं.

म्हणून ते उलटे चालले. तोंड आमच्याकडे, तळवा पुढे, उजवा पाय ओढत, एकेक पाऊल मागे. मुलाने मागून त्यांच्या दोन्ही दंडांना धरलं होतं आणि तो त्यांना वाट सांगत होता. "अप्पा, पायरी. अप्पा, जरा डावीकडे." ज्या माणसाने सगळ्या गावाला पाठ दाखवली, तो आमच्याकडे बघत बघत गाडीपर्यंत गेला. दार लागलं तेव्हाही तळवा काचेला टेकलेला होता.

फुटाणा हलला नाही. गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ हलला नाही. शेवटी मीच "बा" म्हटलं आणि पाठ फिरवली.

शेजारच्या घरात आता भाडेकरू आहेत. चिकूची पानं अजून माझ्या अंगणात पडतात. फुटाणा सकाळी सहाला त्या फाटकापाशी जाऊन बसतो आणि मी बोलावलं की परत येतो. तुम्ही याल तेव्हा त्याला 'ये' म्हणू नका, 'कम' म्हणू नका. एकदाच 'बा' म्हणा, वळा आणि चालू लागा. तो येतो.